पहिली-दुसरीच्या वर्गांसाठी पद्धती ठरवणाऱ्या साहेबांना आणि मॅडमना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार,

मी प्राथमिक शाळेत शिकवते. दोनशिक्षकी शाळा आहे, पहिली-दुसरी माझ्याकडे एकत्र बसतात आणि तिसरी-चौथी शेजारच्या खोलीत सरांकडे. हे पत्र कुणा एकाला नाहीये, जे अभ्यासक्रम बनवतात, जे प्रशिक्षणाचे घटकसंच लिहितात, वर्गात काय चालू असलं पाहिजे याचे आदेश ज्यांच्या सहीने निघतात त्या सगळ्यांना आहे. केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान 2021 ला सुरू झालं, तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता आलं पाहिजे आणि साधी गणितं आली पाहिजेत असं त्यात ठरलं आणि त्याला 2026-27 ची मुदत घातली. मुदतीचा विषय निघाला की पद्धतींची चर्चा परत सुरू होते, ही चांगली का ती चांगली, मग नवीन प्रशिक्षण लागतं आणि तिथं पहिल्याच तासाला सुलभक, म्हणजे प्रशिक्षण देणारे, सांगतात की आत्तापर्यंत जे करत होतात ते सगळं बाजूला ठेवा. मला नेमकं त्याच वाक्याबद्दल बोलायचंय.

आधी वाचनाचंच घेऊ, कारण पहिलीत सगळं तिथंच अडतं.

बाराखडीची पद्धत सगळ्यांना माहितीये. आधी मुळाक्षरं, मग क का कि की. तिला आता जुनाट म्हणतात पण तिच्यात खरंच चांगल्या गोष्टी आहेत. मुळाक्षरांचा क्रम उगीच लावलेला नाही, क ख ग घ म्हणताना आवाज घशाजवळून निघतो, त थ द ध ला जीभ दातांना लागते, प फ ब भ ला ओठ मिटतात, हे मुलांना ओठांवर बोट ठेवून करायला लावलं की ती दिवसभर करत बसतात आणि ब आणि भ मधला फरक त्यांना कानाने कळायला लागतो. शिवाय घरी आई-आजीला ही पद्धत येते, त्यामुळे शाळा सुटल्यावरही मुलाला कुणीतरी असतं. पण अडचण पण तेवढीच मोठी आहे. 36 व्यंजनं आणि प्रत्येकाची 12 रूपं धरली तर चारशेच्या वर आकार होतात, ते सगळे घोकून होईपर्यंत मुलाने अर्थ असलेलं एक वाक्य वाचलेलं नसतं. क ची बाराखडी घडाघडा म्हणणारं मूल मधल्याच 'कु' वर बोट ठेवलं तर मनात 'क' पासून मोजत येतं तेव्हा कुठं त्याला सापडतं. आणि बरेच महिने फक्त नळ, घर, बदक असले बिनमात्रेचे शब्द वाचायला दिले की त्याच्या डोक्यात असं बसतं की मात्रा ही अक्षराला लावलेली नक्षी आहे, मग 'किती' ला ते 'कत' वाचतं. हे मूल मंद नसतं, आपण त्याला जसं दिलं तसंच ते वाचत असतं.

याच्या उलट टोकाला शब्द-वाक्य पद्धत. चित्र, गोष्ट, पूर्ण वाक्य, आणि अक्षरं नंतर आपोआप सुटतील असं. तिची मोठी ताकद म्हणजे वाचायचं कशासाठी हे मुलाला पहिल्या दिवशी कळतं, वर्ग जिवंत असतो, मुलं बोलतात, पुस्तकं हातात घेतात. पण ही पद्धत आपल्याकडे आणताना आपली भाषा आणि लिपी कशी आहे ते बघायला पाहिजे होतं. इंग्रजीत काही छोटे शब्द सारखे सारखे येतात, तेच्या तेच रूपात येतात, आणि त्यातल्या कित्येकांचं स्पेलिंग उच्चाराप्रमाणे नसतंच, त्यामुळे अख्खा शब्द डोळ्यांनी ओळखायला शिकवण्यात तिथं थोडा तरी अर्थ आहे. मराठीत घर, घरी, घरात, घराला, घरापासून, घरच्यांनी, असा शब्द पानापानाला बदलतो, मूल किती आकार पाठ करणार? उलट आपली लिपी बरीचशी उच्चाराप्रमाणे चालते, म्हणजे एकदा किल्ली हातात आली की कधी न पाहिलेला शब्द पण मूल फोडून वाचू शकतं. ही एवढी मोठी सोय सोडून आपण त्याला अंदाजाने वाचायला लावतो. चित्र हाताने झाकलं की वाचन थांबतं, 'मांजर' लिहिलेलं असतं आणि मूल 'मनी' म्हणून पुढं जातं, आणि बघणाऱ्याला वाटतं की वा, वाचतंय.

या दोन्हीच्या मधली अक्षरगटाची पद्धत आहे. फलटणला मॅक्सीन बर्नसन, म्हणजे सगळ्यांच्या मॅक्सीन मावशी, त्यांच्या प्रगत शिक्षण संस्थेत आणि वाडा तालुक्यात सोनाळ्याच्या क्वेस्ट संस्थेत अशा वळणाचं काम वर्षानुवर्षं झालेलं आहे. थोडीच अक्षरं घ्यायची आणि मात्रा लगेच सोबत घ्यायची. समजा क, म, ल आणि काना एवढंच घेतलं तरी काम, माल, लाल, काल, काका, मामा, मला, कमाल इतके शब्द पहिल्याच आठवड्यात मूल स्वतः जुळवून वाचतं, आणि मात्रा बदलली की अर्थ बदलतो हे त्याला सुरुवातीलाच कळतं, कमल आणि कमाल शेजारी शेजारी लिहिले की झालं. सोबत रोज गोष्ट वाचून दाखवायची, गप्पा मारायच्या, चित्राखाली मुलाला त्याच्या मनाचं लिहू द्यायचं, अक्षर चुकलं तरी. माझ्या वर्गात मला हीच पद्धत सगळ्यात जास्त उपयोगी पडते हे मी मोकळेपणाने सांगते. पण हिच्यातही त्रुटी आहेत. तयारी प्रचंड लागते, मुलाला येणाऱ्या अक्षरांतच बसतील असे मजकूर शोधावे नाहीतर लिहावे लागतात आणि ते फार लवकर कृत्रिम व्हायला लागतात. एखादा गट कच्चा राहून पुढं गेलं की पुढचे सगळे गट कोसळतात, महिनाभर गावाला किंवा ऊसतोडीला गेलेलं मूल परत आलं की त्याच्यासाठी मागून सुरू करावं लागतं, आणि दोन वर्ग सांभाळून ते करायचं. पालक पण घाबरतात, दिवाळी झाली तरी पोराला अ आ इ ई ओळीने येत नाही म्हणून ते शाळेत विचारायला येतात, आणि त्यांचं चुकत नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

2017 ला एक अहवाल आला होता, तो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचला असेल. पालघरमधला वाडा तालुका आणि कर्नाटकातलं यादगीर इथली पहिलीपासूनची मुलं तीन वर्षं सलग बघून मराठी आणि कन्नड वाचन-लेखन कसं होतं याचा तो अभ्यास होता. वर्गातला ढीगभर वेळ अक्षरं, मात्रा आणि फळ्यावरचं उतरवून घेण्यात जातो आणि तरीही बरीच मुलं तिसरीपर्यंत अडखळतात, आणि ऐकलेल्या-वाचलेल्याचा अर्थ लावणं, स्वतःचं लिहिणं याला वर्गात जागाच सापडत नाही, असं त्यात दिसलं. म्हणजे अक्षरं नीट आणि स्पष्ट शिकवायला पाहिजेत आणि त्याच दिवशी गोष्टही पाहिजे, आधी हे मग ते असं नाही. वाचून मला फार बरं वाटलं होतं, कारण आमच्या भाषेतल्या, आमच्यासारख्याच वर्गांमधल्या मुलांकडे कुणीतरी इतका वेळ नुसतं बघत बसलं होतं.

आता ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल स्वतः करून, अनुभवातून ज्ञान उभं करतं हा विचार. तो आला राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 2005 मधून, पण आपल्याकडे गावोगावच्या शाळेत तो खरा पोचला राज्याच्या 2015 च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमानंतर, आणि साताऱ्याचं कुमठे बीट, म्हणजे तिथला शाळांचा गट, बघायला तर राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या जायच्या. त्या काळात शिक्षकांमध्ये जो उत्साह होता तो मी आधी कधी पाहिला नव्हता, लोक पदरचे पैसे घालून वर्ग सजवत होते, रविवारी शाळेत येऊन फरशीवर तक्ते रंगवत होते, खुर्ची सोडून मुलांच्यात जमिनीवर बसत होते. बाई जमिनीवर बसल्या की मूल जास्त बोलतं, ही एक गोष्ट तरी त्यातनं कायमची मिळाली. पण कितीतरी ठिकाणी पोचला तो रंगच, त्यामागचा विचार वाटेत राहिला. आणि एक मोठा गैरसमज पसरला, की बाईंनी सांगायचं नाही, मूल स्वतःच ज्ञानाची रचना करेल.

इथं मला जरा थांबून बोलायचंय, कारण माझ्या मते सगळ्या वादाची गाठ इथंच आहे. 'क' चा आकार असाच का, याचं उत्तर जगात नाही, माणसांनी ते ठरवलंय. मूल कितीही हुशार असो, गटात बसून, साहित्य हाताळून त्याला तो शोधून काढता येणार नाही, ते त्याला सरळ सांगावंच लागतं, दाखवावं लागतं, हात धरून गिरवून घ्यावं लागतं. पण 10 काड्यांचा एक गठ्ठा झाला की त्याला आपण एक म्हणतो आणि तरी त्यात 10 असतातच, हे कितीही वेळा सांगा, सांगून कळत नाही, ते मुलाने रबर लावून गठ्ठे बांधून, सोडून, परत बांधूनच कळतं. आणि सात आठे छप्पन्न हे एकदा गठ्ठे मांडून समजलं तरी पुढं ते जिभेवर यायला म्हणावंच लागतं, नाहीतर चौथीत भागाकार करताना मूल प्रत्येक पायरीला बोटं मोजतं आणि मूळ गणित काय होतं तेच विसरतं. म्हणजे एकाच विषयात, एकाच तासाला, कुठं सांगायचं, कुठं करू द्यायचं आणि कुठं घोटून घ्यायचं हे वेगवेगळं असतं. मग मी वर्गावर ज्ञानरचनावादी असू का पारंपरिक असू? तपासणीच्या फॉर्मवर 'पाठांतर आढळले' असा रकाना असला की शिक्षक पाढे म्हणायचं बंद करतो, आणि रकाना बदलला की मुलांना साहित्य द्यायचं बंद करतो. नुकसान दोन्ही वेळा मुलाचंच.

2019 चं उदाहरण सांगते. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात तेवीस सोबत 'वीस तीन' असं म्हणायचा पर्याय आला होता. किती गदारोळ झाला आठवतंय ना? मराठी धोक्यात आली इथपर्यंत लोक गेले, विधानसभेत विषय निघाला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की हा जादाचा पर्याय आहे, तेवीस काढून टाकलेलं नाही. पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या माणसाला त्यामागचं कारण लगेच कळतं. आपण बोलताना आधी एकक म्हणतो आणि लिहिताना आधी दशक लिहितो, म्हणून 'त्रेपन्न' ऐकून मूल 35 लिहितं, आणि एकोणसत्तर ला तर सत्तर ऐकू येतं आणि लिहायचे सहा आणि नऊ. काही मुलांना काही आठवडे 'पन्नास तीन' चा आधार लागतो, मग ती आपोआप त्रेपन्न वर येतात. ज्याला लागत नाही त्याला देऊ नये. एवढीशी गोष्ट, एका टप्प्यापुरती, पण तिचा अस्मितेचा प्रश्न झाला आणि त्या गडबडीत ज्या मुलाला आधाराची गरज होती ते बाजूलाच राहिलं.

कार्डांच्या पद्धतीबद्दल, म्हणजे मूल पायरी-पायरीने लावलेली कार्डं घेऊन आपल्या गतीने शिकतं त्याबद्दल, थोडं लिहिते, कारण बहुवर्ग शाळांसाठी ती सगळ्यात मोठी सोय आहे असं सांगितलं जातं आणि ते खरं पण आहे. आंध्रातल्या ऋषी व्हॅलीत ती घडली, 2003 पासून चेन्नईच्या महापालिका शाळांत आणि पुढं तमिळनाडूभर गेली. शिडीवर मूल कुठल्या पायरीला आहे ते त्याला स्वतःला माहिती असतं, आजारी पडून आलं तरी जिथं सोडलं तिथून सुरू, कुणी मागं नाही कुणी पुढं नाही. दोन वर्ग एकत्र असलेल्या बाईला हे किती मोलाचं आहे ते मीच सांगू शकते. पण कार्डं हरवतात, भिजतात, पुढच्या वर्षी संच येत नाही, आणि सगळ्यात वाईट म्हणजे वर्गातलं एकत्र बोलणं कमी होतं, बाई कार्डं देण्या-घेण्यात आणि खुणा करण्यात बुडून जाते.

स्तरानुसार गट करून शिकवायची 'प्रथम' या संस्थेची पद्धत पण तशीच, म्हणजे तिच्या जागी उत्तम. इयत्ता कुठलीही असो, अक्षराला अडलेल्या मुलाला अक्षर, शब्दाला अडलेल्याला शब्द. तिच्यावर काटेकोर प्रयोग झालेत, मुंबई आणि बडोद्यात या शतकाच्या सुरुवातीला झाले, आणि ज्या अर्थशास्त्रज्ञांना 2019 चं नोबेल मिळालं त्यातले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो त्या कामात होते. मागे पडलेल्या चौथी-पाचवीच्या मुलांना थोड्या काळात वाचतं करायला याच्याइतकं कामाचं दुसरं काही माझ्या तरी पाहण्यात नाही. पण ते मागं पडलेल्यांना पुढं आणायचं साधन आहे, ते पहिलीपासूनचं पूर्ण शिक्षण कसं होईल? गोष्ट वाचता आली, भागाकार आला, की यादीतलं नाव हिरवं होतं आणि तिथंच सगळे थांबतात. गोष्टीतल्या म्हातारीने असं का केलं असेल, यावर बोलायला कुणालाच वेळ नसतो, कारण ते मोजलं जात नाही. आणि गट वर्षभर तेच राहिले तर 'अक्षर गटातला' हे पोराचं नावच पडतं.

टॅब आणि क्यूआर कोड बद्दल फार लिहीत नाही. कविता ऐकायला, लांबचा प्राणी दाखवायला छान आहे, वाचायला शिकवणं त्याने होत नाही.

आणि या सगळ्याच्या आधीची एक गोष्ट आहे जी कुठल्याच घटकसंचात पुरेशी येत नाही, ती म्हणजे घरची भाषा. वारली, पावरी, गोरमाटी, कोरकू बोलणारं मूल पहिलीत येतं आणि आपण त्याला 'य यज्ञाचा' आणि 'ऐ ऐरणीचा' शिकवतो. त्याने ना यज्ञ पाहिलाय, ना ऐरण. शब्द वाचून झाल्यावर त्याच्या डोक्यात काहीच उमटत नाही. मग बाराखडी घ्या, वाक्य घ्या नाहीतर कार्ड घ्या, सगळ्या पद्धती इथं सारख्याच फसतात. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी हे बोर्डी-कोसबाडला कधीच ओळखलं होतं. माँटेसरीबाईंची महागडी साधनं बाजूला ठेवून त्यांनी शिंपले, बिया, पानं, दगड घेतले, आणि मुलं गुरांमागे जातात म्हटल्यावर शाळाच कुरणात नेली. पद्धत परदेशातून आली होती पण त्यांनी ती समोरच्या मुलाप्रमाणे वाकवली, आणि ती वाकवायची मोकळीक त्यांना होती. ती मोकळीक आज आम्हाला हवी आहे. कुठल्या मुलासाठी कुठल्या महिन्यात काय वापरलं आणि का, हे आम्ही टाचणात लिहू, विचारा आम्हाला त्याचा जाब, जरूर विचारा, पण वर्गात अमुक कोपरा दिसला नाही, तमुक तक्ता दिसला नाही म्हणून शेरा नको.

दुसरी मागणी प्रशिक्षणाची. राज्याकडून जिल्हा, जिल्ह्याकडून तालुका, तालुक्याकडून केंद्र (म्हणजे आसपासच्या शाळांचा गट), अशा उतरंडीने प्रशिक्षण येतं तेव्हा शेवटच्या खोलीत बसलेल्या आम्हाला फक्त स्लाइड वाचून दाखवल्या जातात आणि चहानंतर लिंकवरचा फॉर्म भरून घेतात. शिकवणारा सुलभक पण आमच्यासारखाच दमलेला असतो, त्याच्यावर माझा राग नाही. होशंगाबादच्या विज्ञान कार्यक्रमाची माहिती तुम्हाला असेलच, मध्य प्रदेशात 1972 ला 16 शाळांपासून सुरू झालेला, मुलांनी प्रयोग करून शिकायचं. पद्धत चांगली होतीच, पण ती 30 वर्षं तगली याचं कारण मला तिच्या बाकीच्या व्यवस्थेत दिसतं, शिक्षकांच्या दर महिन्याला बैठका व्हायच्या, तिथं मागच्या महिन्यात काय फसलं ते बोललं जायचं, कुणीतरी शाळेत येऊन बघायचं, किट संपलं की भरलं जायचं, परीक्षा सुद्धा त्या पद्धतीला साजेशी बदलली होती. 2002 ला सरकारी निर्णयाने तो बंद झाला. आपल्याकडे दर महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद असतेच की, जागा आहे, वेळ आहे, माणसं आहेत. त्यातली माहिती भरायची आणि सूचना वाचायची कामं काढून घ्या आणि तो वेळ एका प्रश्नाला द्या, उदाहरणार्थ या महिन्यात जोडाक्षरांना कुठली मुलं अडली आणि कोणी काय केलं. मुलांच्या वह्या घेऊन यायला सांगा, आम्ही आणू.

तिसरं म्हणजे, काहीही आणलं तरी निदान एक पहिलीची तुकडी चौथीतनं बाहेर पडेपर्यंत ते बदलू नका. 2023 ला पुस्तकांत वहीची कोरी पानं आली, 2025 ला ती काढायचं ठरलं, चूक-बरोबर मी म्हणत नाही, पण एवढ्या वेळात एका तुकडीचं प्राथमिक शिक्षण सुद्धा पूर्ण होत नाही, मग फायदा झाला का तोटा हे ठरवलं कशावरून? बदल करायच्या आधी पहिली-दुसरीला प्रत्यक्ष शिकवणाऱ्या काही बायका-माणसांना समितीत घ्या, आदर्श शाळेतल्या नकोत, पट कमी, दोन वर्ग एकत्र, घरची भाषा वेगळी अशा शाळांतल्या घ्या.

आणि पालकांसाठी दोन पानांचं साध्या मराठीत काहीतरी छापा, की तुमच्या मुलाला यंदा वाचायला असं शिकवणार आहोत, आधी हे येईल, मग ते येईल, घरी तुम्ही हे करा. जून महिन्यात पुस्तकांच्या गठ्ठ्यासोबतच आलं तर पहिल्या पालकसभेत आम्ही ते स्वतः वाचून दाखवू, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी पण.

आपली,
पहिली-दुसरीच्या एकत्र वर्गाची एक शिक्षिका